मुकादम नसलेलं जाळं : टॉवरशिवाय कारखान्यातली यंत्रं एकमेकांशी कशी बोलतात

चाकणच्या एखाद्या मोठ्या शेडमध्ये एकाच गॅन्ट्रीवर दोन ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर धावणाऱ्या विजेच्या क्रेन) फिरत असतात. एक जवळ येत असेल तर दुसरीला ते कळायला हवं, नाहीतर टक्कर. दोघींमध्ये अंतर जेमतेम १५ मीटर. पण नेहमीच्या वायरलेस पद्धतीत पहिल्या क्रेनचा निरोप आधी शेडच्या टोकाच्या ॲक्सेस पॉइंटकडे जातो, तिथून केबलने स्विचकडे, कधीकधी ऑफिसातल्या सर्व्हरकडे, आणि मग त्याच वाटेने परत दुसऱ्या क्रेनकडे. शेजारी बसलेल्या दोघांनी हेड ऑफिसमार्फत बोलावं, तसला प्रकार. ॲक्सेस पॉइंटची लाइट गेली की १५ मीटरवरच्या दोघी एकमेकींना परक्या.

हा मधला टप्पाच काढून टाकायचा आणि रेडिओने रेडिओशी थेट बोलायचं, लांबचा निरोप असेल तर मधल्या रेडिओंनी तो हातोहात पुढे द्यायचा, ही कल्पना जुनीच आहे. आता त्यासाठी स्वस्त चिप आणि पक्की मानकं आहेत, म्हणून पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांतही विक्रेते ती घेऊन फिरतात. माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं : टॉवर नको, बेस स्टेशन नको, लावा आणि विसरून जा. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. तिसरी मात्र महागात पडते.

मुकादम रजेवर गेला म्हणून हजेरी घ्यायची थांबत नाही, कामाची वाटणी करायचीही थांबत नाही. ती कामं बाकीच्यांवर येतात. बेस स्टेशनचं, म्हणजे ॲक्सेस पॉइंट किंवा टॉवर यांसारख्या मधल्या मुख्य रेडिओचं, तेच. ते चार कामं करत असतं : सगळ्यांना एक घड्याळ दाखवणं, कुणी कधी बोलायचं ते ठरवणं, निरोप कुठून जाईल ते सांगणं आणि गेटवर ओळख तपासणं. बेस स्टेशन काढलं की ही चारही कामं त्या छोट्या, बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओ नोडच्या गळ्यात पडतात. जाळं चांगलं की वाईट हे ती कामं नोड कशी वाटून घेतात यावर ठरतं. तेव्हा कुठलंही उत्पादन समोर आलं की या चार कामांचा हिशोब मागायचा.

आधी पाळी

सगळ्यांनी मनाला येईल तेव्हा बोललं तर काय होतं, हे १९७१ मध्ये हवाई विद्यापीठातल्या अलोहानेट या रेडिओ जाळ्याने दाखवून दिलं. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम. तिथे नियम साधा होता : निरोप आला की पाठवा, धडकला तर थोडं थांबून परत पाठवा. गणित सांगतं की अशा जाळ्यात हवेतल्या एकूण वेळेपैकी जास्तीत जास्त १८ टक्के वेळच उपयोगी लागतो. वेळेचे सारखे कप्पे पाडून 'कप्प्याच्या सुरुवातीलाच बोला' एवढा एकच नियम घातला तर तो आकडा दुप्पट होतो, सुमारे ३७ टक्के. घड्याळाचं महत्त्व इथेच कळतं.

'आधी ऐका, शांत असेल तर बोला' हा उपाय वाय-फाय वापरतं. ऑफिसात तो छान चालतो. प्रेस शॉपमध्ये त्याला एक खोड लागते. समजा, २५० टनी प्रेसच्या अलीकडे एक नोड आणि पलीकडे दुसरा. मधल्या लोखंडी धुडामुळे दोघांना एकमेकांचा आवाज येत नाही. दोघांनाही वर खांबावर बसलेला तिसरा नोड मात्र नीट ऐकू येतो. दोघे कान देतात, दोघांना शांतता वाटते, दोघे एकदम बोलतात आणि तिसऱ्याच्या कानात नुसता गोंगाट. जेवढी यंत्रं जास्त, तेवढे असे न दिसणारे शेजारी जास्त. म्हणून कारखान्यासाठी बनवलेली चांगली जाळी ऐकण्याच्या भरवशावर राहत नाहीत, ती वेळापत्रकावर चालतात.

दहा मिलिसेकंदांत काय काय होतं

आयईईई ८०२.१५.४ या, कमी ताकदीच्या छोट्या रेडिओंसाठीच्या मानकात २०१२ च्या दुरुस्तीने आलेली एक पद्धत आहे, टीएससीएच. वेळेचे कप्पे पाडायचे आणि दर कप्प्याला चॅनेल बदलायचा, असं तिचं स्वरूप. औद्योगिक सेन्सरांमध्ये बरंच चाललेलं वायरलेसहार्ट (२००७ मध्ये आलं, २०१० मध्ये आयईसी ६२५९१ झालं) हेही याच जातीचं. यातला एक कप्पा १० मिलिसेकंदांचा. तो जवळून पाहण्यासारखा आहे.

कप्पा सुरू झाला की पाठवणारा लगेच बोलत नाही. तो २.१२ मिलिसेकंद थांबतो. ऐकणारा त्या ठरलेल्या क्षणाच्या १.१ मिलिसेकंद आधी आपला रिसीव्हर चालू करतो आणि १.१ मिलिसेकंद नंतरपर्यंत वाट पाहतो. का, तर दोघांची घड्याळं थोडी पुढेमागे असणारच. त्या वेळेत सुरुवात ऐकू आली नाही तर ऐकणारा पुन्हा झोपतो, बॅटरी वाचते. ऐकू आली तर निरोप घेतो. सर्वांत मोठा निरोप १२७ बाइटचा, तो २.४ गिगाहर्ट्झवर ४.२६ मिलिसेकंदांत संपतो. मग १ मिलिसेकंदाचा श्वास, आणि पोच. पोच देताना ऐकणारा एक मोलाची गोष्ट सोबत पाठवतो : 'तू माझ्या अपेक्षेपेक्षा इतके मायक्रोसेकंद लवकर किंवा उशिरा आलास.' ज्याचं घड्याळ दुसऱ्यावरून लावायचं असतं तो या आकड्यावरून ते सरकवतो. टॉवर नसताना घड्याळ जुळतं ते असं, पोचपावतीच्या पाठीवर बसून.

नोडमध्ये वेळ ठेवणारा क्रिस्टल साधारण २० पीपीएमचा असतो, म्हणजे दहा लाख सेकंदांत २० सेकंद चुकणारा. एक पुढे पळणारा, दुसरा मागे पडणारा अशी जोडी जमली तर फरक ४० पीपीएम. १.१ मिलिसेकंदाची सवलत ४० पीपीएमने भागा : २७.५ सेकंद. तेवढ्या वेळात एकदा तरी दोघांचं बोलणं झालं नाही, तर पुढच्या भेटीत एक जण दार बंद झाल्यावर पोचतो. म्हणून काही सांगायचं नसलं तरी नोड मधूनमधून 'आहे, आहे' एवढं बोलून घेतात.

आता यात पुण्याचा मे महिना घाला. घड्याळासाठी वापरतात तो ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशांपासून जितका दूर जाईल तितका मागे पडतो, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात : दर अंशाच्या वर्गाला सुमारे ०.०३४ पीपीएम. पत्र्याखाली बसवलेला नोड दुपारी ५५ अंशांवर गेला तर फरक ३० अंश, त्याचा वर्ग ९००, म्हणजे ३० पीपीएमपेक्षा जास्तीची चूक. खाली गार ऑफिसात बसलेल्या जोडीदाराशी त्याचा फरक ४० वरून ७० च्या पुढे जातो आणि २७ सेकंदांची सवलत १५ वर येते. 'सकाळी चालतं, दुपारी दोन ते चार नोड गळतात, संध्याकाळी आपोआप परत येतात' ही तक्रार ऐकलीत तर आधी अँटेनाला हात लावू नका. वर चढून नोडचं तापमान बघा. तापमानानुसार दुरुस्ती करणारं फर्मवेअर किंवा भेटीचा काळ निम्मा करणं, हे दोन उपाय. नोड पत्र्यापासून मीटरभर खाली घेणं हा तिसरा आणि फुकटचा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. सगळ्यांचं घड्याळ एकमेकांवरून लागतं खरं, पण पहिलं घड्याळ कुणाचं तरी असतंच. वायरलेसहार्टमध्ये तर वेळापत्रक आखणारा नेटवर्क मॅनेजरही मध्यवर्ती असतो, सहसा गेटवेच्या, म्हणजे हे जाळं केबलच्या नेटवर्कला जोडणाऱ्या नोडच्या, डब्यात. म्हणजे टॉवर नाही, पण मुकादम आहे, फक्त तो दिसत नाही. यात वाईट काही नाही. तो बंद पडला तर जाळं किती वेळ तग धरतं, एवढं विचारून ठेवा.

वाट : पर्वतीच्या पायऱ्या

निरोप हातोहात देण्याच्या दोन मुख्य रीती. पहिली दवंडीची : ऐकणारा प्रत्येक जण एकदा पुन्हा ओरडतो आणि निरोप गावभर होतो. २०१७ मध्ये आलेलं ब्लूटूथ मेश साधारण असंच चालतं. निरोप अनंतकाळ फिरत राहू नये म्हणून त्यावर उड्यांचा आकडा लिहिलेला असतो, तो प्रत्येक टप्प्यावर एकने घटतो. दिवे लावणं-विझवणं यासाठी उत्तम. २०० सेन्सर दर १० सेकंदांनी आकडे पाठवायला लागले की मात्र हवा भरून जाते.

दुसरी रीत पायऱ्यांची. गेटवे म्हणजे पर्वतीचा पायथा. प्रत्येक नोड आपण कितव्या पायरीवर आहोत हे शेजाऱ्यांवरून ठरवतो आणि निरोप आपल्यापेक्षा खालच्या पायरीवरच्या सर्वांत भरवशाच्या शेजाऱ्याकडे देतो. तो शेजारी गप्प झाला तर दुसरा धरतो. २०१२ मध्ये आरएफसी ६५५० म्हणून आलेला आरपीएल हा नियमसंच असाच आहे. सेन्सरचे आकडे एका जागी गोळा करायला यासारखं दुसरं नाही.

आता परत त्या दोन क्रेनकडे या. दोघी तिसाव्या पायरीवर शेजारी शेजारी आहेत असं समजा. आरपीएलच्या एका प्रकारात, जिथे मधले नोड वाटा लक्षात ठेवत नाहीत, एकीचा निरोप थेट पायथ्यापर्यंत उतरतो आणि तिथून दुसरीसाठी परत वर चढतो. म्हणजे ज्या हेड ऑफिसला टाळायचं होतं तेच पुन्हा आलं, फक्त आता ते तीस पायऱ्या खाली आहे. माहितीपत्रकावर 'पीअर टू पीअर' लिहिलेलं असलं तरी विक्रेत्याला हा प्रश्न शब्दशः विचारा : गेटवेची वायर काढून टाकली तर शेजारचे दोन नोड एकमेकांशी बोलतील का? आणि उत्तरावर विश्वास न ठेवता वायर काढून बघा. अर्ध्या तासाची चाचणी आहे, आणि अनेकदा सगळी खरेदी त्यावरच ठरते.

उड्या वाढल्या की दोन गोष्टी बिघडतात. पहिली भरवसा. एका टप्प्यावर निरोप पोचण्याची शक्यता ९० टक्के असेल, तर चार टप्प्यांनंतर ती ०.९ चा चौथा घात, म्हणजे ६६ टक्क्यांवर येते. प्रत्येक टप्प्याला तीन संधी दिल्या तर टप्प्याचा भरवसा ९९.९ टक्के होतो आणि चार टप्प्यांचा ९९.६. हे गणित मोठं सुखाचं दिसतं, पण ते तिन्ही प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून. नोडसमोर फोर्कलिफ्ट येऊन चालक चहाला गेला तर तिन्ही प्रयत्न एकाच कारणाने वाया जातात. म्हणूनच दर प्रयत्नाला चॅनेल बदलतात. लोखंडी भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एका चॅनेलवर एकमेकींना मारतात, दुसऱ्यावर तितक्या मारत नाहीत. म्हणूनच एका नोडला दोन 'आईबाप' असावे लागतात, तेही वेगवेगळ्या दिशांना.

दुसरी गोष्ट उशीर. वेळापत्रक १०१ कप्प्यांचं असेल तर त्याची फेरी १.०१ सेकंदांची. पुढच्या टप्प्याचा कप्पा कुठेही पडलेला असला तर दर उडीला सरासरी अर्धी फेरी वाट बघावी लागते, चार उड्यांना दोन सेकंद. तेच कप्पे एकामागोमाग एक लावले तर पहिल्याच प्रयत्नात पोचणाऱ्या निरोपाला चार उड्यांना फक्त ४० मिलिसेकंद. हार्डवेअर तेच, बॅटरी तीच, फरक पन्नास पट. लोकलचं कनेक्शन जुळणं आणि चुकणं यातला फरक.

गेटवरची ओळख

हे काम सर्वांत कंटाळवाणं म्हणून सर्वांत दुर्लक्षित. प्रत्येक नोडला स्वतःची वेगळी जॉइन की, म्हणजे जाळ्यात शिरण्याची गुप्त किल्ली, हवी. सगळ्यांना कारखान्यातून आलेली एकच की ठेवली, तर एक नोड चोरीला जाणं म्हणजे सगळ्या शेडची किल्ली जाणं. निरोप एईएस-१२८ या सांकेतिक कुलपाने बंद केलेले असतात, ते ठीकच. पण प्रत्येक निरोपावर चढता अनुक्रमांकही असतो, जुना निरोप पकडून कुणी परत वाजवू नये म्हणून. नोड रीस्टार्ट झाल्यावर हा क्रमांक शून्यावरून सुरू झाला तर दोनपैकी एक होतं : शेजारी त्याला चोर समजून नाकारतात, किंवा त्याहून वाईट, ते स्वीकारतात. बॅटरी काढून परत लावा आणि काय होतं ते बघा.

भोसरीतली एक शेड, कागदावर

८० मीटर लांब, ४० मीटर रुंद प्रेस शॉप, ४० सेन्सर. बेअरिंगचं कंपन आणि हायड्रॉलिक तेलाचं तापमान, दर १० सेकंदांनी एक निरोप. २.४ गिगाहर्ट्झ. दोन नोडमध्ये अंतर किती ठेवायचं?

ट्रान्समीटर ८ डीबीएम, दोन्ही बाजूंच्या अँटेना २-२ डीबी, रिसीव्हरला ऐकू येण्याची सीमा उणे ९५ डीबीएम. उणे ९५ पर्यंतची बेरीज १०७ डीबी, एवढी हानी परवडते. (डीबी हे ताकदीच्या पटीचं माप : दर १० डीबीला ताकद दहा पट कमी-जास्त. डीबीएम म्हणजे तेच, १ मिलिवॅटपासून मोजलेलं.) मोकळ्या हवेत ५० मीटरला ७४ डीबी जातात, ३० मीटरला ७०. उरलेले ३७ डीबी बघून हुरळून जाऊ नका. त्यातले १५ ते २० यंत्रं आणि खांब खातात, आणि निदान १५ डीबी राखीव ठेवायचे, कारण शॉप फ्लोअरवर ट्रॉली, पॅलेट आणि माणसं फिरत असतात. म्हणून ३० मीटर. माहितीपत्रकावरचे ३०० मीटर मैदानात मोजलेले असतात.

अँटेना यंत्रांच्या डोक्यावरून जाईल अशी, ४ ते ५ मीटर उंचीवर. ३० मीटरच्या अंतरासाठी २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेला मध्यभागी सुमारे एक मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. नुसतं डोळ्यांना दिसणं पुरत नाही. खांबापासून अँटेना निदान २५-३० सेंटिमीटर बाहेर ब्रॅकेटवर, सगळ्या उभ्या. एक उभी आणि एक आडवी केली तर १०-१५ डीबी विनाकारण जातात. आणि लोखंडी पॅनलच्या आत अँटेना ठेवून दार लावणं, हे सांगायची गरज नसावी, पण असते.

बसवण्याचा क्रम गेटवेपासून बाहेर. गेटवे दोन, शेडच्या वेगवेगळ्या बाजूंना. मग त्यांच्याजवळचे, मग पुढचे. प्रत्येक नोडला उणे ८० डीबीएमपेक्षा चांगले ऐकू येणारे निदान तीन शेजारी हवेत. जिथे दोनच मिळतात तिथे लाइटवर चालणारा एक जास्तीचा रिले, म्हणजे निरोप नुसता पुढे देणारा नोड, टाका. ४० ला चार-पाच रिले धरून चाला. शेडमधलं वाय-फाय १, ६ आणि ११ वर असेल तर ८०२.१५.४ चे १५, २०, २५ आणि २६ हे चॅनेल त्यांच्या फटीत येतात. बाकीच्यांपैकी जे सतत मार खातात ते यादीतून काढून टाका. कँटीनचा मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्याच आसपास बोलतो. जेवणाच्या सुट्टीत त्या भिंतीलगतचे नोड अडखळले तर नवल नाही.

सिग्नल मोजण्याचा सर्व्हे कधी करायचा? इकडच्या एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी असते, मेंटेनन्सलाही तोच दिवस मोकळा, म्हणून बहुतेक सर्व्हे गुरुवारीच होतात. त्या दिवशी प्रेस थंड, फोर्कलिफ्ट उभ्या, वेल्डिंग बंद, क्रेन टोकाला. अहवाल सुंदर येतो आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला खोटा ठरतो. बसवायला गुरुवार घ्या, मोजायला चालू शिफ्ट. निदान २४ तासांची नोंद ठेवा, तीनही शिफ्ट येतील अशी. मग गेटवेजवळचा सर्वांत कामाचा नोड मुद्दाम बंद करा आणि मागचे किती सेकंदांत दुसरी वाट धरतात ते घड्याळ लावून मोजा.

कुठे घोळ होतो

सर्वांत आधी मरतात ते गेटवेजवळचे नोड. ४० सेन्सरांचे निरोप चार नोडमधून जात असतील तर त्या प्रत्येकावर दहा जणांचं ओझं. एए आकाराच्या ३.६ व्होल्ट लिथियम सेलची क्षमता २४०० मिलिॲम्पिअर-तास. कडेचा नोड सरासरी ५० मायक्रोॲम्पिअर घेत असेल तर कागदावर साडेपाच वर्षं. मधला ४०० घेत असेल तर २५० दिवस. 'पाच वर्षं बॅटरी' हे कडेच्या नोडचं वर्णन असतं. गेटवेभोवतीचे नोड लाइटवर चालवा.

याच सेलची आणखी एक खोड : बराच काळ, विशेषतः उष्ण जागी, पडून राहिला की आत एक पातळ थर जमतो. नवाकोरा दिसणारा सेल लावला की पहिल्या ट्रान्समिशनला व्होल्टेज खाली बसतं, नोड रीसेट होतो, पुन्हा प्रयत्न, पुन्हा रीसेट. मल्टिमीटर मात्र ३.६ दाखवत राहतो, कारण त्याला करंट लागत नाही. सेल काही मिनिटं ठरावीक लोड लावून जागा करायचा, किंवा बरोबर कपॅसिटर असलेला सेल घ्यायचा.

अँटेनाचे एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन कनेक्टर सख्खे भाऊ दिसतात. चुकीची जोडी फिरवली की आटे छान बसतात, पण एक तर मधे पिनच नसते किंवा पिनवर पिन येते. पिन नसली तर नोड जवळून चालतो, दहा मीटरवर मरतो, आणि चार दिवस सॉफ्टवेअरला शिव्या बसतात. आतला सोनेरी ठिपका डोळ्यांनी बघून घ्या. तसंच अँटेना उंच नेण्यासाठी हाताला लागेल ती आरजी-५८ केबल ओढली जाते. २.४ गिगाहर्ट्झवर ती मीटरला सुमारे एक डीबी खाते. दहा मीटर ओढली म्हणजे ताकदीचे दहा भाग करून नऊ फेकून दिले. केबल ओढण्यापेक्षा नोडच वर चढवा.

लाइट जाऊन येते तेव्हाचं दृश्य वेगळंच. सगळे रिले एकदम जागे होतात, सगळे एकदम 'मला आत घ्या' म्हणतात आणि कुणालाच आत जाता येत नाही. चांगलं फर्मवेअर प्रत्येकाला वेगवेगळा वेळ थांबवतं. मेन एमसीबी पाडून, परत चढवून, पूर्ण जाळं उभं राहायला किती मिनिटं लागतात ते स्वीकृतीच्या चाचणीतच लिहून घ्या, आणि गेटवेला यूपीएस द्या.

फर्मवेअर अपडेटचा हिशोबही आधीच मांडावा. २०० किलोबाइटची फाइल, दर निरोपात ८० बाइट : २,५६० निरोप. सेकंदाला एक धरला तर एका नोडला ४३ मिनिटं, एकामागोमाग ४० नोडला २८ तास. तेही एका उडीच्या अंतरावर.

आणीबाणीचं स्टॉप बटण अशा साध्या जाळ्यावर टाकू नये. टाकायचंच असेल तर सुरक्षेसाठी प्रमाणित प्रोटोकॉल वर चढवावा लागतो. त्यात रेडिओवर विश्वास नसतोच : ठरलेल्या वेळेत 'सगळं ठीक' हा निरोप आला नाही की यंत्र आपोआप थांबतं. त्या दोन क्रेनचं तत्त्वही हेच असायला हवं. 'थांब' हा निरोप पोचण्यावर सुरक्षा टांगू नका.

बाकीचे पर्याय, पटकन

लांब अंतरासाठी लोरा ही रेडिओ पद्धत आहे, पण त्याची चाल बैलगाडीची : २० बाइटचा निरोप सर्वांत वेगवान नेहमीच्या सेटिंगला ५७ मिलिसेकंद घेतो, सर्वांत लांब पल्ल्याच्या सेटिंगला १.३ सेकंद. त्यावर चार उड्या मारल्या तर पाच सेकंद हवेतच गेले. पाण्याच्या टाकीची पातळी ठीक, क्रेन नाही. मोबाइलच्या मानकांत २०१५ च्या सुमारास, रिलीज १२ पासून, फोन-ते-फोन थेट बोलण्याची सोय आली. तिला साइडलिंक म्हणतात. २०२० च्या रिलीज १६ मधल्या एका प्रकारात टॉवर आवाक्यात नसतानाही यंत्र स्वतः ऐकून मोकळी जागा निवडतं. वाहनांसाठी बनलेली ही सोय एजीव्हींना, म्हणजे कारखान्यातल्या बिनचालक गाड्यांना, शोभण्यासारखी आहे. आणि कॉर्डलेस फोनच्या घराण्यातून आलेलं डेक्ट-२०२० एनआर. युरोपच्या एत्सी संस्थेचं हे मानक टॉवरशिवायचं जाळं गृहीत धरूनच लिहिलेलं आहे, नोड स्वतःच गरजेप्रमाणे छोटं बेस स्टेशन होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ५जी यादीत ते मोबाइल कंपन्यांच्या घराण्याबाहेरून आलेलं पहिलं. ते युरोपात १९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. भारतात ती पट्टी आपोआप मोकळी धरू नका.

पट्टीचा मुद्दा आलाच आहे तर, आपल्याकडे विनापरवाना वापरता येणाऱ्यांत २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ मेगाहर्ट्झची पट्टी कारखान्याच्या कामाच्या. दुसरी २००५ मध्ये ८६७ पर्यंत मोकळी झाली, पुढे ८६८ पर्यंत वाढली. ट्रान्समीटर १ वॅट, अँटेना धरून ४ वॅट, चॅनेलची रुंदी २०० किलोहर्ट्झ ही तिची मर्यादा. तिला मोकळ्या हवेत २.४ पेक्षा ९ डीबी कमी हानी होते, म्हणून गर्दीच्या शेडमध्ये ती उजवी. बाजारात आणि ऑनलाइन ९१५ मेगाहर्ट्झची अमेरिकी मॉड्यूलं स्वस्तात मिळतात, ती मात्र घेऊ नका. आपल्याकडे तिथे मोबाइलचे फोन टॉवरशी बोलतात. मॉड्यूलला डब्ल्यूपीसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचं, ईटीए हे मंजुरीचं प्रमाणपत्र आहे का तेही बिलाआधी बघा.

साइट जुन्नर-नारायणगावकडे असेल तर आणखी एक पायरी. खोडदची जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण तिथे सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभी आहे आणि दूरच्या दीर्घिकांचे इतके क्षीण आवाज ऐकते, की तुमचा १० मिलिवॅटचा नोड तिच्यासाठी कानाशी लावलेला ढोल आहे. पुण्याजवळची ही जागा निवडण्यामागे तिथली रेडिओ शांतता हेही एक कारण होतं. आधी वेधशाळेशी बोला, मग ऑर्डर द्या.

शेवटचं काम मार्कर पेनचं. प्रत्येक नोडवर आणि त्याच्या खांबावर एकच क्रमांक, खाली जमिनीवरून दिसेल इतका मोठा. कोणता नोड कोणत्या दोघांवर विसंबून आहे याचा कागदी नकाशा प्लास्टिकमध्ये घालून मेन पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला. सोबत की भरून तयार ठेवलेले दोन जादा नोड, सेल न लावता. सेल वेगळ्या पाकिटात, वर खरेदीची तारीख.